काकांचा खासदार

आमचे घरमालक काका घरात मराठी बोलायचे, पण भांडायचे पार्लमेंटच्या भाषेत. काकूंनी "आज भाजी नाही, पिठलं केलंय" असं सांगितलं की ते खुर्चीतून अर्धे उठायचे आणि म्हणायचे, "सप्लिमेंटरी प्रश्न, मॅडम स्पीकर. पिठल्याबरोबर भाकरी आहे की पुन्हा ब्रेडच?" काकू गॅसकडे तोंड ठेवूनच "बसा" म्हणायच्या. आणि ते बसायचे.

मी त्यांच्या घराच्या खालच्या दोन खोल्यांत राहत होते. दोन हजार सालानंतरची वर्षं. मी ऑकलंडच्या एका हॉस्पिटलात फार्मासिस्ट, आणि नवऱ्याची नोकरी खाली दक्षिणेला, अप्पर हट नावाच्या गावात. तो दर दुसऱ्या शुक्रवारी विमानाने यायचा आणि रविवारी संध्याकाळी परत जायचा. बाकीचे दिवस मी वर काका-काकूंकडेच असायचे. भाड्याने राहणाऱ्या मुलीला ते दोघं घरातलीच धरत. त्यांचा स्वतःचा मुलगा सिडनीला होता, त्याला मराठी समजायचं, पण फोनवर तो इंग्रजीतच उत्तर द्यायचा. त्यामुळे मराठी ऐकणारं आणि मराठीतच उलट बोलणारं माणूस त्यांना हवं असावं.

काकांचा गराज म्हणजे त्यांची बैठक. गाडी बाहेर पावसात उभी असायची आणि आत लॉनमोअर, खिळ्यांचे डबे, एक तुटका पंखा आणि रेडिओ. पार्लमेंटचं कामकाज चालू असलं की ते रेडिओवर लागायचं आणि काका करवत चालवता चालवता मंत्र्यांना उत्तरं द्यायचे. "खोटं. गेल्या मंगळवारी तू उलटं बोललास." मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं आत कोणी माणूस आहे आणि काका त्याला झापतायत.

शनिवारी सकाळी त्यांचा वेगळाच अवतार असायचा. खाली हाफ पँट, गुडघ्यापर्यंत ओढलेले पांढरे मोजे, आणि वर इस्त्रीचा शर्ट आणि टाय. शनिवारी आमच्या भागाचे खासदार त्यांच्या ऑफिसात लोकांना भेटायचे. दुकानांच्या रांगेत, डेअरीच्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या, शेजारी छोटंसं ऑफिस होतं. काकांचं तिथे काहीच काम नसायचं. ते रांगेत बसायचे, नंबर आला की आत जायचे, आणि खासदारांना सांगून यायचे की या आठवड्यात रेडिओवर तुम्ही काय चुकीचं बोललात.

"आणि ते ऐकून घेतात?" मी विचारलं.

"न घेऊन जातात कुठे? मी मतदार आहे," काका म्हणाले.

हे खासदार वीसेक वर्षं तिथे होते. उंच, थोडे वाकलेले, मोठ्या हातांचे गृहस्थ. तरुणपणी थोडे दिवस शाळेत शिकवलं, मग पक्षाचं काम, मग थेट पार्लमेंट. काकांचा सगळा राग त्या एका गोष्टीवर होता. दर निवडणुकीच्या आधी हॉलमध्ये जाहीर सभा व्हायची, चहा आणि स्कोन नावाचे छोटे केक असायचे, आणि काका उठून विचारायचे की, साहेब, आमची मतं मागण्याखेरीज तुम्हाला दुसरं काय काम येतं? हॉलमधले लोक हसायचे, कारण प्रश्न त्यांना पाठ होता. खासदारही हसायचे. "मेट," ते म्हणायचे, तिथे कोणालाही मित्रा म्हणावं तसं, "मी शाळेत शिकवायचो आणि फार वाईट शिकवायचो. मुलांचं नशीब म्हणून मी निवडून आलो."

मी एकदा काकांना म्हटलं की माणूस तर गमतीदार वाटतो. काका चिडले.

"गमतीदार आहेच गं. गमतीदार राहायला त्याला जातं काय? आमची फॅक्टरी बंद झाली तेव्हाही तो आला होता. ईस्ट टामाकीला. गेटवर उभा राहून छान बोलला. आम्ही टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी तो त्याच्या कामावर गेला, आणि मला काम नव्हतं."

ही गोष्ट मला मग काकूंकडून तुकड्यातुकड्याने कळली. काका मेकॅनिकल इंजिनियर. सत्तरच्या दशकात मुंबईहून तिथे आले, एकाच कारखान्यात राहिले, सुपरवायझर झाले. पन्नाशी उलटल्यावर कारखाना बंद पडला. मग वर्षभर ते सकाळी टाय बांधून गराजमध्ये बसायचे. शेवटी शाळेची बस चालवायला शिकले आणि साठी होईपर्यंत ती चालवली. "पहिल्या दिवशी बस घेऊन निघाले तेव्हा मी खिडकीतून बघत होते," काकू म्हणाल्या. "मागे वळून बघितलं नाही त्यांनी. मला कळलं, आता सावरतील."

तेव्हापासून काकांचं एक मत ठाम झालं होतं. प्रत्येक माणसाची आयुष्यात एकदा तरी नोकरी जायला हवी. विशेषतः ज्याला ती कधी जाणार नाही असं वाटतं, त्याची.

हे सगळं ऐकून माझ्या मनात एक चित्र तयार झालं होतं की काका त्या माणसाचे शत्रू आहेत. ते चित्र एका सकाळी मोडलं. निवडणुकीचा मोसम सुरू झाला होता आणि कुंपणाकुंपणांवर उमेदवारांचे फलक लागले होते. दक्षिणेकडून जोराचा वारा आला आणि कोपऱ्यावरचा खासदारांचा फलक चौकटीसकट आडवा झाला. मी कामावर निघाले होते. बघते तर काका हातोडी घेऊन तो फलक उभा करतायत, दातांत दोन खिळे धरून.

"काका, तुम्ही? हा तर त्यांचा आहे."

त्यांनी खिळे तोंडातून काढले. "वाऱ्याने पडून काय उपयोग? आपण पाडायचा आहे."

मी गाडीत बसून हॉस्पिटलला पोचेपर्यंत त्या वाक्याचा विचार करत होते. मला ते पटलं की नाही, हेच मला कळेना.

त्या वर्षी मला दिवस गेले होते. नवरा अप्पर हटमध्ये, म्हणून आईने बाळंतपणाला यायचं ठरलं होतं. आईचं सगळं आयुष्य पुण्यात गेलेलं, पासपोर्टसुद्धा नवा कोरा. आणि तिचा व्हिसा नाकारला गेला. मी फोनकार्ड लावून तिच्याशी बोलले तेव्हा ती माझीच समजूत घालत होती. "अगं, तिथे डॉक्टर चांगले असतील. माझ्यावाचून काय अडणार आहे?" मी फोन ठेवला आणि वर जाऊन काकूंपुढे रडले.

काका दारात उभे होते. ते आत गेले आणि टाय बांधून आले. तो शनिवार होता.

"चल," ते म्हणाले. "सगळे कागद घे."

"कुठे?"

"त्याच्याकडे."

"पण काका, तुम्ही तर त्यांना पाडायला निघालायत."

"ते वेगळं," काका म्हणाले. "अजून तो आपला खासदार आहे. चल, रांग वाढेल."

ऑफिसात खासदारांनी काकांना बघितलं आणि हात वर करत तिथला माओरी नमस्कार घातला. "किया ओरा, मेट. या वेळी मी काय बोललो?" काका म्हणाले, आज माझं काही नाही, हिचं आहे. आणि खुर्ची मागे ओढून भिंतीला टेकून बसले.

खासदारांनी माझे कागद वाचले. मला वाटलं होतं त्यापेक्षा फार हळू वाचले. मग त्यांनी दोन प्रश्न विचारले, आई विधवा आहे का आणि पुण्यात तिच्यामागे कोण आहे. माझा भाऊ, त्याचं कुटुंब, घर, हे सगळं मी सांगितलं. ते म्हणाले, "हे अर्जात कुठे नाही. आई परत का जाईल, ते तुम्ही त्यांना सांगितलंच नाही." खरंच नव्हतं सांगितलं. मला ते सांगायचं असतं हेच माहीत नव्हतं. सोमवारी त्यांनी कुठे फोन केला, कोणाशी बोलले, मला माहीत नाही. अर्ज पुन्हा बघितला गेला आणि आईला व्हिसा मिळाला.

मी वर जाऊन काकांना सांगितलं. त्यांना आनंद झाला, डोळ्यांत दिसला. मग म्हणाले, "आता याच्यासाठी तू त्याला मत देऊ नकोस."

तिथे राहायचा परवाना मिळून वर्ष झालं की मत देता येतं, त्याला तिथलं नागरिक व्हावं लागत नाही. माझी ती पहिलीच वेळ होती. "काका, त्यांनी माझं काम केलं," मी म्हटलं.

"त्याचंच काम होतं ते. पगार घेतो त्याचा. बसचा ड्रायव्हर तुला स्टॉपवर सोडतो म्हणून तू त्याला आयुष्यभर बस देतेस का?"

"पण दुसऱ्या कोणाला जमलं असतं का ते? इतक्या वर्षांनी त्यांना माहीत आहे कुठे फोन करायचा."

मला वाटलं, मी जिंकले. पण काका म्हणाले, "तेच तर. म्हणूनच मग तो कधी हलत नाही. आणि हेही खरं आहे की त्याला माहीत असतं. यातलं काय धरायचं आणि काय सोडायचं, मी वीस वर्षं विचार करतोय."

त्या निवडणुकीत हवा बदललेली होती. डेअरीवाला, शेजारची परिचारिका, हॉस्पिटलातले सगळे एकच बोलायचे, की फार झाली यांची वर्षं, आता नवीन माणूस पाहिजे. तिथे दोन मतं द्यायची असतात, एक पक्षाला आणि एक आपल्या भागातल्या उमेदवाराला. जागा हरलेले काही लोक पक्षाच्या यादीतून मागच्या दाराने आत येतात, आणि लोकांना त्याचीही चीड होती. आमच्या खासदारांनी जाहीर केलं की मी यादीत नाव घालणार नाही, लोकांना नको असेन तर घरी जाईन. काका ते वाचून म्हणाले, "हे बरं केलं त्याने." आणि वर्तमानपत्राची घडी करून पुन्हा उलगडली आणि तेच पुन्हा वाचलं.

त्यांच्या विरोधात एक तरुण बाई उभ्या होत्या. हुशार, नीट बोलणाऱ्या. काका त्यांच्या सभेलाही गेले आणि खासदारांना विचारायचे तोच प्रश्न विचारला. बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं की कॉलेज संपल्यापासून त्या पार्लमेंटमध्येच एका मंत्र्याच्या ऑफिसात काम करतायत. काका घरी येऊन बराच वेळ बूट न काढता बसून राहिले.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. हिने तर शाळेतसुद्धा शिकवलेलं नाही."

मतदान शनिवारी होतं, शाळेच्या हॉलमध्ये. बाहेर मुलांचे आईवडील शाळेच्या निधीसाठी सॉसेज भाजत होते. आई नुकतीच आली होती आणि तिला हे सगळं बघायचं होतं, म्हणून तीही बरोबर आली. काका आधी आत गेले. त्यांना इतका वेळ लागला की मागची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मग मी गेले. पुठ्ठ्याच्या आडोशाला उभी राहिले तेव्हा पोटात बाळ हलत होतं आणि बाहेर माझी आई उभी होती. मी खासदारांच्या नावापुढे खूण केली. ते बरोबर केलं का, हे मी त्यानंतर किती तरी वेळा स्वतःला विचारलंय आणि दर वेळी उत्तर वेगळं आलंय.

संध्याकाळी टीव्हीवर आकडे येऊ लागले. खासदार मागे होते, पण अगदी थोड्या मतांनी. बाहेरगावाहून आलेली मतं तिथे नंतर मोजतात, त्यात दोन आठवडे जातात, तोवर निकाल पक्का नव्हता. ते दोन आठवडे काकांनी जसे काढले ते बघवत नव्हतं. गराजमध्ये जायचे, रेडिओ न लावता बाहेर यायचे. काकूंनी काहीही रांधलं तरी सप्लिमेंटरी न विचारता जेवायचे. माझी आई सरळ स्वभावाची. तिने एकदा चहा देता देता विचारलंच, "अहो, तुम्हाला ते पडायला हवेत की नकोत?"

"पडायला हवाय," काका म्हणाले. मग कपात बघत म्हणाले, "पण हरलेला बघायचा नाहीये."

त्याच दिवसांत मला मुलगी झाली. आणि शेवटची मतं मोजून झाली तेव्हा खासदार पडले होते. काकांना ही बातमी हॉस्पिटलात कळली, माझ्या खोलीत, मुलगी त्यांच्या मांडीवर असताना. नवऱ्याने फोनवर ऐकून सांगितलं. काकांनी तिची शाल नीट केली आणि तिला काकूंकडे दिलं.

मुलीच्या एका खुब्याचा सांधा जन्मतःच सैल निघाला. त्यावर उपाय होता, पण काही महिने तिला पट्ट्यांमध्ये बांधून ठेवायचं, रोज तपासायचं, कशी उचलायची तेही शिकायचं. मला कामावर परत जायचं होतं. आई आणखी राहिली असती तर सगळं निभलं असतं, पण तिची मुदत संपत आली होती आणि वाढवून मागितलेल्या मुदतीचं उत्तर येत नव्हतं. मी नव्या खासदार बाईंच्या ऑफिसात गेले. त्या आपुलकीने बोलल्या. पण त्यांना अजून कोणाला विचारायचं ते माहीत नव्हतं, आणि त्यांनी तसं सांगितलं.

काका म्हणाले, "गाडीत बस."

जुने खासदार आमच्यापासून दूर नव्हते राहत. आम्ही गेलो तेव्हा ते शॉर्ट्स आणि जँडल्स म्हणतात त्या रबरी चपलांमध्ये बागेत उभे होते, हातात पाण्याचा पाइप, आणि पाइपातून पाणी येत नव्हतं. कोणत्या तरी विचारात नळ सोडायचं राहून गेलं असावं. काकांना बघून त्यांचा चेहरा उजळला. कामाचा दिवस होता, आणि त्यांच्या घरी कामाच्या दिवशी कोणी येत असेल असं वाटलं नाही.

मी सगळं सांगितलं. त्यांनी मधेच मुलीचं नाव विचारलं, ते नीट उच्चारून बघितलं. मग म्हणाले, आता मी कोणी नाही, पण व्हिसाच्या ऑफिसात एक फोन करून बघतो. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचा फोन घेतला आणि नंबर न बघता फिरवला. पलीकडच्या मुलीने नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. तिने पुन्हा विचारलं. त्यांनी स्पेलिंग सांगितलं, एकेक अक्षर. मग ते थांबून राहिले. फोनमधून बारीक संगीत ऐकू येत होतं. ते आमच्याकडे बघून हसले आणि खांदे उडवले. संगीत थांबलं, आवाज आला, आणि त्यांनी परत पहिल्यापासून स्पेलिंग सांगायला सुरुवात केली.

काका उठले. मला कळायच्या आत त्यांनी खासदारांच्या हातातून फोन घेतला.

"तुम्ही कोणाशी बोलताय ते माहीत आहे का?" काकांचा आवाज इंग्रजीत नेहमी खाली असायचा, तो चढला होता. "हे आमचे खासदार आहेत. वीस वर्षं आमचं काम केलंय यांनी. यांना नाव विचारता?"

"होते, मेट," खासदार हळूच म्हणाले. "होते."

पलीकडच्या मुलीचा काहीच दोष नव्हता. ती सौम्यपणे म्हणाली की अर्ज क्रमाने बघितले जातात, उत्तर येईल. काकांनी थँक्यू म्हटलं आणि फोन जागेवर लावला. खासदारांनी किटली लावली. चहा पिताना दोघं टोमॅटोच्या रोपांबद्दल बोलले, रोपं कधी लावायची याबद्दल. निघताना काकांनी बागेतला नळ चालू करून दिला.

आईची मुदत पुढे रीतसर वाढवून मिळाली, कोणाच्याही फोनशिवाय. ती राहिली, आणि मुलगी नीट चालायला लागली. पण त्या दिवशी गाडीत आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. काका सावकाश चालवत होते, शाळेची बस चालवावी तसे. सिग्नलला थांबलो तेव्हा मी विचारलं.

"काका, तुम्ही त्यांना कधी मत दिलं होतं का?"

ते समोर बघत होते. "दर वेळी," ते म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "दर वेळी?"

"फॅक्टरी गेली त्या वर्षीसुद्धा. प्रश्न विचारून यायचो आणि त्यालाच मत द्यायचो. दुसरं कोणी ऐकूनच घ्यायचं नाही." सिग्नल हिरवा झाला होता, ते हलले नाहीत. "या खेपेला नाही दिलं. म्हटलं, एकदा बोललो तसं वागून बघू."

मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. काकांनी गाडी पुढे काढली.

"आणि तू?" त्यांनी विचारलं.

"मी दिलं."

"बरं केलंस," काका म्हणाले.

आम्ही डेअरीवरून पुढे गेलो, त्या बंद ऑफिसावरून पुढे गेलो. आमच्या रस्त्याचं वळण आलं, ते त्यांनी घेतलं नाही. बरंच पुढे गेल्यावर त्यांनी मान हलवली.

"नाही," ते म्हणाले. "चुकलंच तुझं."